शिदोरी आणि थर्मास

मुलांनो, 'शिदोरी' हा आपल्या भाषेतील एक जुना आणि गोड शब्द आहे. वाटसरूबरोबर घरच्या अन्नाची जी पुरचुंडी दिली जाते, तिला शिदोरी म्हणतात. शेतावर राबणाऱ्या माणसांसाठी फडक्यात बांधून नेलेली भाकरी, चटणी आणि कांदा ही देखील शिदोरीच होय. पूर्वीच्या काळी वारकरी, व्यापारी आणि शिपाई अशी शिदोरी पाठीशी बांधून दूरदूरच्या वाटा चालत. पाण्यासाठी त्यांच्याजवळ फिरकीचा तांब्या असे. त्याचे झाकण पिळून घट्ट बसवले, की तांब्या आडवा झाला तरी पाण्याचा थेंबही सांडत नसे.

पुढे गिरण्या आणि कचेऱ्या निघाल्या. माणसे घरापासून लांब कामाला जाऊ लागली. मग फडक्यातील शिदोरी डब्यात आली. मुंबईत सुमारे १८९० सालापासून घरचे जेवण कामाच्या ठिकाणी पोहोचवणारे डबेवाले हिंडू लागले. एकावर एक खण असलेला त्यांचा कडीचा डबा साऱ्या जगाच्या कौतुकाचा विषय झाला आहे. आज तुमच्यापैकी बहुतेकांच्या दप्तराशेजारी एक डबा आणि पाण्याची एक बाटली असते. काहींच्या घरी गरम चहा-दूध ठेवण्यासाठी थर्मासही असतो.

या वस्तू रोजच्या वापरातील असल्यामुळे त्यांच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. दुकानात जावे, डोळ्यांत भरेल तो रंग पाहावा आणि बाटली घेऊन यावी, अशीच पुष्कळांची रीत असते. परंतु ज्या भांड्यातून आपण वर्षानुवर्षे अन्न आणि पाणी घेतो, त्याची निवड डोळसपणे करावयास नको का? ही निवड कशी करावी, हे या पाठात पाहू.

उष्णतेच्या तीन वाटा

आधी एक साधा प्रश्न घेऊ. पेल्यातील गरम दूध थंड का होते? त्यातील उष्णता बाहेर निघून जाते म्हणून. ती बाहेर जाते कशी? तिला तीन वाटा ठाऊक आहेत.

पहिली वाट वहनाची. गरम दुधात चमचा ठेवला, तर थोड्याच वेळात त्याचा वरचा दांडाही तापतो. एका कणाकडून शेजारच्या कणाकडे उष्णता सरकत जाते. धातूंमधून ती लवकर सरकते. लाकूड, काच, लोकर यांमधून सावकाश सरकते. दुसरी वाट अभिसरणाची. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते, ती तापून पुन्हा वर जाते. अशा फेऱ्यांमधून हवा पेल्याची उष्णता वाहून नेते. तिसरी वाट प्रारणाची. चुलीतील निखाऱ्यांसमोर बसले असता चेहऱ्याला धग लागते, ती या वाटेने येते. सूर्याची उष्णता कोट्यवधी किलोमीटरांची पोकळी ओलांडून पृथ्वीवर येते, तीही याच वाटेने.

ज्या भांड्यात या तिन्ही वाटा अडवलेल्या असतील, त्यात गरम पदार्थ गरम राहील. तसेच बाहेरची उष्णता आत शिरणार नाही, म्हणून थंड पदार्थही थंड राहील. विदर्भातील वैशाखात बाटलीतील पाणी दुपारपर्यंत गार ठेवणारी करामत आणि थंडीच्या रात्री चहा गरम ठेवणारी करामत या एकच होत.

आपल्या आजीला हे तत्त्व अनुभवाने ठाऊक होते. हिवाळ्यात दुधाला विरजण लावले, की ती भांडे गोधडीत गुंडाळून ठेवी. गोधडीच्या घड्यांत हवा अडकून पडते. अडकलेली हवा फिरू शकत नाही आणि स्वतः उष्णतेची वाहकही नव्हे. त्यामुळे भांड्यातील ऊब टिकते. परंतु गोधडीने वाट अरुंद होते, बंद होत नाही. ती बंद करण्याची युक्ती एका शास्त्रज्ञाला सुचली.

देवार यांची बाटली

जेम्स देवार यांचा जन्म १८४२ साली स्कॉटलंडमधील किंकार्डिन या गावी झाला. दहा वर्षांचे असताना ते गोठलेल्या पाण्यावरील बर्फ फुटून आत पडले. त्या दुखण्याने त्यांना दीर्घकाळ अंथरुणावर खिळवून ठेवले. त्या दिवसांत गावातील सुताराकडून ते फिडल हे वाद्य तयार करण्यास शिकले. पुढे प्रयोगशाळेत नाजूक उपकरणे हाताळताना आपल्याला या कौशल्याचा फार उपयोग झाला, असे ते मानीत. संकटात सापडलेल्या मुलाने हात रिकामे ठेवले नाहीत, ही गोष्ट तुम्ही ध्यानात घेण्यासारखी आहे.

मोठेपणी देवार लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वायूंना थंड करून त्यांचे द्रव बनवण्याचे प्रयोग करू लागले. द्रवरूप ऑक्सिजन शून्याखाली १८३ अंश सेल्सिअस तापमानालाच उकळू लागतो. साध्या भांड्यात तो पाहता पाहता उडून जाई. त्याला बाहेरच्या उष्णतेपासून वाचवावे कसे?

१८९२ साली देवार यांनी एकात एक अशा दोन भिंती असलेली काचेची बाटली करवून घेतली आणि दोन्ही भिंतींच्या मधील हवा काढून टाकली. जेथे हवाच नाही, तेथे कणाकडून कणाकडे उष्णता कशी सरकणार? जेथे हवाच नाही, तेथे तिच्या फेऱ्या कशा होणार? वहन आणि अभिसरण या दोन वाटा अशा प्रकारे बंद झाल्या. राहिली प्रारणाची वाट. काचेवर चांदीचा चकचकीत मुलामा दिला, की आरशावरून प्रकाश परतावा तशी उष्णता परतते. म्हणून तिसरी वाटही जवळजवळ बंद झाली. केवळ तोंडापाशी, जेथे दोन्ही भिंती जुळतात आणि बूच बसते, तेथून थोडी उष्णता ये-जा करते. १८९८ साली देवार यांनी हायड्रोजन वायूचा द्रव केला. त्या कामी ही बाटली त्यांच्या उपयोगी पडली.

देवार यांनी आपल्या बाटलीचे पेटंट घेतले नाही. बाटल्या फुंकणारे जर्मन कारागीर राइनहोल्ड बुर्गर यांच्या मात्र ध्यानात आले, की जी बाटली प्रयोगशाळेत थंड द्रव सांभाळते, ती घरात गरम पेयही सांभाळील. त्यांनी तिला धातूचे संरक्षक आवरण घातले आणि १९०३ साली जर्मनीत पेटंट घेतले. १९०४ साली ती 'थर्मॉस' या नावाने विक्रीस येऊ लागली. ग्रीक भाषेत 'थर्मे' म्हणजे उष्णता. त्यावरून हे नाव आले. ते इतके रूढ झाले, की १९६३ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने हा शब्द आता एका कंपनीचा राहिलेला नसून सामान्य नाम झाला आहे, असा निर्णय दिला. आपल्याकडेही कोणत्याही कंपनीची बाटली असो, आपण तिला 'थर्मास'च म्हणतो. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आधी गरज, मग वस्तू

बाजारात गेल्यावर नाना प्रकारच्या बाटल्या आणि डबे दिसतात. त्यांचे मुख्य प्रकार चार.

काचेचा थर्मास उष्णता फार चांगली टिकवतो. काचेला वास किंवा चव लागत नाही. परंतु तो पडला की फुटतो आणि त्याच्या चांदीसारख्या ठिकऱ्या पेयात मिसळतात. म्हणून तो घरात किंवा रुग्णाच्या उशाशी शोभतो, दप्तरात नव्हे. पोलादी थर्मासच्या दोन्ही भिंती पोलादाच्या असून मध्ये निर्वात जागा असते. अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी १९१३ साली अशी बाटली पुढे आणली. ती काचेच्या थर्मासहून दणकट असते. प्रवासाला आणि रोजच्या धकाधकीला हीच योग्य. तिसरा प्रकार फेसाळ प्लास्टिक भरलेल्या दुहेरी डब्यांचा. येथे हवा काढलेली नसते, तर फेसाच्या बारीक कप्प्यांत अडकवलेली असते. आजीच्या गोधडीचेच हे नवे रूप. अशा डब्यात अन्न काही तास ऊबदार राहते, परंतु थर्मासची सर त्याला येत नाही. चौथा प्रकार साध्या, एकेरी पोलादी डब्याचा. तो उष्णता राखीत नाही. परंतु हलका, स्वस्त, धुण्यास सोपा आणि दीर्घायुषी असतो.

यांपैकी कोणता घ्यावा? याचे उत्तर दुकानात नसते, आपल्या घरी असते. शाळा घराशेजारी असेल आणि डब्यात पोळी-भाजी नेत असाल, तर साधा पोलादी डबा पुरे. रात्रपाळीला जाणाऱ्या वडिलांना मध्यरात्री गरम चहा हवा असेल, तर थर्मासच हवा. उन्हात काम करणाऱ्या आईसाठी पाणी गार ठेवायचे असेल, तर मोठा पोलादी थर्मास उपयोगी पडेल, आणि घराच्या सावलीत असेल तर मातीचा माठ त्याहून स्वस्तात तेच काम करील.

आकाराचाही विचार करावा. मोठ्या बाटलीतील पेय लहान बाटलीतील पेयापेक्षा अधिक वेळ गरम राहते. याचे कारण गणितात आहे. एखाद्या घनाची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, परंतु आत मावणारे पाणी आठपट होते. उष्णता निसटते ती पृष्ठभागातून, आणि साठते ती आतील पाण्यात. अर्थात मोठी बाटली जडही असते. एक लिटर पाण्याचे वजनच एक किलोग्रॅम भरते; त्यात बाटलीचे वजन मिळवा. पाठीवरील ओझे पाहून आकार ठरवावा.

धातूंची पारख

जुने डबे पितळेचे असत. पितळेत तांबे आणि जस्त असते. ताक, चिंच, आमसूल यांसारखा आंबट पदार्थ त्यात ठेवला, की तो धातूला खातो आणि अपायकारक क्षार तयार होतात. पदार्थाला चमत्कारिक चव येते. 'ताक कळकले' असे आपण म्हणतो ते यामुळेच. त्यावर उपाय म्हणून कल्हईवाला भांड्याच्या आतून कथलाचा पातळ थर देत असे. पितळी डबा आजही घरात असेल, तर कल्हई असल्यावाचून त्यात अन्न ठेवू नये. अ‍ॅल्युमिनियम हलके व स्वस्त असले तरी मऊ असते. त्याला पोचे पडतात आणि आंबट-खारट पदार्थ त्यालाही खातात.

न गंजणारे पोलाद, ज्याला आपण नुसते 'स्टील' म्हणतो, ते या सर्वांत सोयीचे ठरले. इंग्लंडमधील शेफील्ड शहरी हॅरी ब्रिअर्ली हे १९१३ साली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवे मिश्रधातू करून पाहत होते. त्यांतील क्रोमियम मिसळलेले पोलाद गंजत नाही, असे त्यांना आढळले. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पोलादावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपोआप भरून येतो. आतील लोखंडाचे रक्षण तोच करतो.

सर्व स्टील मात्र सारखे नसते. ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते '१८/८' किंवा '३०४' या नावाने ओळखले जाते. अन्नासाठी ते चांगले समजतात. '२०१' व '२०२' या स्वस्त जातींत निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते. मीठ आणि आंबट यांपुढे त्या लवकर हार खातात. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे काही लोक मानतात. ही कसोटी अपुरी आहे. कारण २०२ जातीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून वस्तूवर कोरलेला अंक पाहावा, तो केवळ बाहेरच्या भिंतीसाठी आहे की आतल्याही, हे विचारावे, आणि भारतीय मानक ब्यूरोची खूण शोधावी. घरगुती वापराचे उष्णतारोधक थर्मास, बाटल्या व डबे यांच्यासाठी ही खूण आवश्यक करणारा आदेश भारत सरकारने २०२३ साली काढला आहे.

दुकानातील आणि घरातील परीक्षा

वस्तू हातात घ्या आणि झाकणापासून आरंभ करा. थर्मास बहुधा भिंतीने फसत नाही, झाकणाने फसतो. झाकणाचे आटे सरळ बसतात का? आतील रबरी कडे काढून धुता येते का, आणि ते झिजल्यास नवे मिळते का? ज्या झाकणात कळा, नळ्या आणि खाचा फार असतात, ते दिसण्यास आकर्षक, पण धुण्यास अवघड असते. जेथे बोट किंवा कुंचला पोहोचत नाही, तेथे बुरशी पोहोचते. मग तोंडाकडे पाहा. रुंद तोंडातून उष्णता थोडी अधिक निसटते, परंतु हात आत घालून भांडे घासता येते. भात, वरण किंवा खिचडी ठेवायची असेल तर रुंद तोंडच हवे. चहासाठी अरुंद तोंड चालेल. शेवटी बाटली टेबलावर उभी करा. ती डगमगू नये.

बाटली घरी आणल्यावर दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली गळतीची. बाटली पाण्याने भरून, झाकण लावून, कोऱ्या कागदावर अर्धा तास आडवी ठेवावी. कागद कोरडा राहिला पाहिजे. दुसरी परीक्षा निर्वाताची. ती मोठ्या माणसांच्या देखत करावी. बाटलीत उकळते पाणी भरावे आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात लावून पाहावा. गळ्यापाशी थोडे ऊन लागेल, त्याची चिंता नको. परंतु पोट किंवा तळ गरम लागला, तर मधल्या जागेत हवा शिरली आहे असे समजावे. अशी बाटली दुकानदारास परत करावी. पावती जपून ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

कोमट अन्नाचा धोका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. चांगला डबा अन्नाची ऊब राखतो; परंतु अर्धवट ऊब ही अन्नाची शत्रू आहे.

एका शाळेची सहल किल्ल्यावर गेली होती. पहाटे चार वाजता मसालेभात शिजवून तो मोठ्या पातेल्यात भरला आणि पातेले चादरींत गुंडाळून बरोबर घेतले. दुपारी दोन वाजता गडावर पंगत बसली. भात कोमट होता, वासही चांगला येत होता. मुलांनी तो आवडीने खाल्ला. एका मुलीने मात्र घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. सर्वांत आपणच वेगळे खातो आहोत, म्हणून ती थोडी ओशाळली होती. गड उतरताना एकापाठोपाठ एक मुलांना ओकाऱ्या होऊ लागल्या. पायथ्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी उपचार केले आणि रात्रीपर्यंत सर्वांना आराम पडला. त्या वेळी आजारी मुलांना पाणी पाजत हिंडत होती ती भाकरी खाल्लेली मुलगी.

असे का झाले? भातात बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूंची बीजे असू शकतात. ती शिजवण्यानेही मरत नाहीत. अन्न कोमट राहिले, की ती जागी होतात, जंतू वाढतात आणि विष निर्माण करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि वासावरून ओळखूही येत नाही. साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानांच्या दरम्यान जंतूंची वाढ होते. अनुकूल स्थितीत काही जंतू दर २० मिनिटांना दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे एका तासात ८ आणि सहा तासांत अडीच लाखांहून अधिक जंतू होतील. तुम्ही स्वतः गुणाकार करून पाहा.

म्हणून पुढील नियम पाळावेत. थर्मासमध्ये गरम अन्न ठेवायचे असेल, तर आधी त्यात उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवावे, ते ओतून टाकावे आणि मग वाफाळते अन्न काठोकाठ भरावे. रिकामी जागा राहिली, की तेथील हवा उष्णता घेते. उघडल्यावर अन्न चांगले कढत असेल तरच ते सुरक्षित समजावे. थर्मासमध्ये अन्न गरम होत नाही. गरम ठेवलेलेच तेवढे गरम राहते, हे विसरू नये. शिजवलेले ओलसर अन्न साध्या डब्यात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. दुपारपर्यंत डबा राहणार असेल, तर भाकरी, पोळी, कोरडी चटणी, दाणे, गूळ, फळे असे पदार्थ निवडावेत. पोळीची वाफ जिरू दिल्यावरच झाकण लावावे. तान्ह्या मुलाचे दूध कोमट करून तासन्‌तास थर्मासमध्ये ठेवणे तर फारच धोक्याचे. कारण दुधात जंतू लवकर वाढतात आणि बाळाची शक्ती थोडी असते. आपल्या पूर्वजांनी शिदोरीसाठी भाकरी, दशमी आणि चटणी निवडली, त्यात किती शहाणपण होते, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

निगा आणि हिशेब

टिकाऊपणा अर्धा वस्तूत असतो आणि अर्धा वापरणाऱ्याच्या हातात. डबा व बाटली रोज धुवावी. झाकणातील कडे आठवड्यातून एकदा तरी काढून स्वच्छ करावे. वास येत असेल, तर ऊन पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवावे. तारेच्या घासणीने खरवडू नये. थर्मास चुलीवर किंवा बर्फाच्या कपाटात ठेवू नये. त्यात सोडावॉटर किंवा आंबणारे ताक भरून झाकण आवळू नये. आत वायू साठून झाकण उडण्याची भीती असते. काही पोलादी बाटल्यांच्या तळाशी निर्वात जागा बंद करण्यासाठी शिशाचा थेंब वापरून त्यावर टिकली बसवलेली असते. तळाची टिकली निखळली, तर ती बाटली वापरू नये. वापर नसेल तेव्हा भांडे कोरडे करून, झाकण उघडे ठेवून द्यावे.

आता हिशेब पाहू. समजा, ३०० रुपयांची एक बाटली वर्षभर टिकते आणि ९०० रुपयांची दुसरी सहा वर्षे टिकते. सहा वर्षांत पहिल्या प्रकारच्या सहा बाटल्या लागतील आणि १,८०० रुपये खर्च होतील. म्हणजे जी महाग दिसली, ती निम्म्या खर्चात पडली. शिवाय पाच बाटल्यांचा कचरा वाचला. परंतु यावरून महाग ते चांगले, असा अर्थ काढू नका. पुष्कळदा आपण चित्रांचे आणि नावाचे पैसे मोजतो. तसेच ९०० रुपये एकदम काढणे प्रत्येक घराला जमते असे नाही. त्यात कमीपणा मुळीच नाही. साधा, जाड पत्र्याचा पोलादी डबा आणि घासलेली स्वच्छ बाटली घेऊन येणारा विद्यार्थी कोणाहूनही कमी सुरक्षित अन्न खात नाही. शेजाऱ्याच्या डब्याचा रंग पाहून आईवडिलांकडे हट्ट धरण्यापेक्षा आपल्या डब्याची निगा राखणे हे शहाण्या मुलाचे लक्षण होय.

मुलांनो, निवड करणे ही एक विद्या आहे. गरज ओळखणे, वस्तूची परीक्षा करणे, किंमत आणि आयुष्य यांचा मेळ घालणे आणि घेतलेली वस्तू जपणे, ही तिची चार अंगे. ती एका डब्यापासून शिकता येतात आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात. पहाटे उठून जी माणसे तुमचा डबा भरतात, त्यांचे कष्ट त्या अन्नात असतात. ते अन्न चांगल्या स्थितीत तुमच्या मुखी पडावे, एवढ्यासाठी हा सारा विचार.

शब्दार्थ

पुरचुंडी – फडक्यात बांधलेली लहान गाठोडी
निर्वात – ज्यात हवा नाही असे
मुलामा – धातूचा पातळ थर
कथील – कल्हईसाठी वापरला जाणारा पांढरा धातू
पोचा – आघाताने भांड्याला पडलेला खळगा
दशमी – दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी किंवा पोळी
ओशाळणे – लाज वाटून संकोच होणे

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे द्या.
(अ) उष्णतेच्या तीन वाटा कोणत्या? प्रत्येकीचे पाठात नसलेले एक उदाहरण द्या.
(आ) देवार यांनी त्या तिन्ही वाटा कशा अडवल्या?
(इ) चुंबकाची कसोटी अपुरी का आहे?

२. कारणे द्या.
(अ) मोठ्या थर्मासमधील चहा अधिक वेळ गरम राहतो.
(आ) पितळी डब्याला कल्हई लागते.
(इ) कोमट भात चांगला दिसला तरी धोक्याचा असू शकतो.

३. सहलीच्या प्रसंगातील मुलगी आधी का ओशाळली आणि नंतर तिने काय केले, हे तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत लिहा.

४. 'थर्मास' या शब्दाप्रमाणे विशेषनामाचे सामान्यनाम झालेले आणखी दोन शब्द शोधा.

५. पुढील शब्द वाक्यांत योजा: शिदोरी, कळकणे, डोळसपणे, ओशाळणे.

६. उपक्रम: आपल्या घरातील डबे व बाटल्या पाहून त्या कशाच्या आहेत, किती वर्षे वापरात आहेत आणि त्यांची निगा कोण राखते, याची नोंद करा. पुढील आठवडाभर ते काम तुम्ही स्वतः करा.